पंचक्रोशीकर

भाजीवालीला लोक भाव विचारतात, पंचक्रोशीकर गाव विचारतात. मेथीची जुडी उचलायची, मुळांना लागलेली माती अंगठ्यानं चुरायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायचं, "कुठली?" "मंडईतली" असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा पडतो. आमच्या कोपऱ्यावरची मावशी पहिल्यांदा गोंधळली, मग चिडली आणि शेवटी शहाणी झाली. आता तीच उलट विचारते, "तुमास्नी कुठली पायजे?" हे म्हणतात, सासवडची. "मंग सासवडचीच हाय." तेव्हापासून त्या हातगाडीवर मटार सासवडचा, अंजीर सासवडचं, सीताफळ सासवडचं. इथपर्यंत ठीक होतं, पुरंदर तालुक्यात या तिन्ही गोष्टी खरोखरच उत्तम पिकतात. पण एकदा सफरचंदंही सासवडची निघाली आणि पंचक्रोशीकरांनी ती घेतली.

हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पावती पुस्तकात आहे. पण थकबाकीच्या यादीत ते कधीच येत नसल्यामुळे सोसायटीचा सचिव असूनही मला ते आठवावं लागतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर माणसं गाणं शिकतात, नर्मदा परिक्रमा करतात किंवा सोसायटीच्या कमिटीत येतात. यांनी एक व्याख्यान ऐकलं. ताटातला घास किती मैलांचा प्रवास करून येतो, असा काहीसा विषय होता. त्याच रात्री त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर मांडून प्रत्येकावर खडूनं किलोमीटर लिहिले. जिरं उंझ्याचं, गुजरातेतलं. साबुदाणा सेलमचा, तमिळनाडूतला. हिंग तर अफगाणिस्तानातून येणारा. पंचक्रोशीकर काकूंनी सकाळी उठून पाहिलं तेव्हा फोडणीच्या डब्याचं अंतर पृथ्वीच्या परिघाच्या दिशेनं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर त्यांची प्रतिज्ञा लागली: यापुढे फक्त पंचक्रोशीतलं खाईन. पंचक्रोशी म्हणजे पाच कोस, आजच्या हिशेबात पंधरा-सोळा किलोमीटर. एका रविवारी त्यांनी गाडी काढून ही हद्द फिरून पाहिली. आमच्या कोथरूडपासून पाच कोसांत त्यांना मिसळीची हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि 'एनए प्लॉट'च्या पाट्या एवढंच पीक उभं दिसलं. प्रतिज्ञेत दुरुस्ती झाली आणि पाच कोसांचे शंभर किलोमीटर झाले. नाव मात्र दुरुस्तीच्या आधीचंच चिकटलं.

शंभर किलोमीटर कुठून कुठपर्यंत आणि कसे मोजायचे, यावर आमच्याकडे जेवढा खल झाला तेवढा लिफ्टच्या दुरुस्तीवरही झालेला नाही. मीठ घ्या. जवळची मिठागरं पेणची. रस्त्यानं गेलं तर पेण शंभराच्या बाहेर जातं आणि पंचक्रोशीकरांना अळणी जेवावं लागतं. पक्षी उडतो तसं सरळ रेषेत मोजलं तर ते आरामात हद्दीत येतं. म्हणून सरळ रेषा मंजूर झाली. मग अलिबागचा पांढरा कांदा आला. तो नकाशावर नेमका शंभराच्या काठावर बसला. मुख्य गेटपासून मोजला की बाहेर, पश्चिमेकडच्या सी विंगच्या गच्चीपासून मोजला की काठ शिवल्यासारखा वाटे. सी विंगवाल्यांनी या कांद्यावर हक्क सांगितला. ए विंगमधल्या एका बाईंनी लेखी हरकत घेतली. तो अर्ज अजून माझ्या फायलीत आहे. कोकणातला हापूस, आमसूल, सांगलीची हळद, उदगीरची तूरडाळ हे सगळं बाद. गुळाचा प्रश्न मात्र सुटला. कोल्हापूर लांब असलं तरी दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांना तोटा नाही. तांदळाचंही भागलं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी आणि मुळशीचा आंबेमोहर असताना भाताला कमी काय?

या नियमानं बाद झालेली एक गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवत नव्हतं. काकूंचं माहेर कुडाळचं. सरळ रेषेतही ते अडीचशेच्या वर जातं.

चहा सुटला तेव्हा आम्हाला खरी झळ लागली. आसाम म्हणा की निलगिरी, एकही मळा हद्दीत बसेना. पंचक्रोशीकरांकडे गेलं की गवती चहा, आलं आणि केडगावचा गूळ उकळून समोर येऊ लागला. वेल्ह्याकडच्या ज्या शेतकऱ्याशी त्यांनी पुढे संधान बांधलं, त्या भाऊंनी पहिल्या भेटीत तो कप हातात घेतला, वास घेतला आणि काळजीनं विचारलं, "घरात कुणाला बरं नाही का?" 

त्यांची मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं एकदा जेवताना सहज सांगितलं, की बाबा, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही तिन्ही अमेरिका खंडाकडची, पोर्तुगीजांच्या मार्गानं इकडे आलेली. दुसऱ्या कोणाच्या हातातला घास गळला असता. हे घास चावून म्हणाले, "महाराष्ट्रात माणसाला पंधरा वर्षांत डोमिसाइल मिळतं. मिरचीला चारशे वर्षं झाली." अशा वेळी या माणसाला हरवणं अवघड असतं. 2020 साली पालमपूरच्या संशोधन संस्थेनं लाहौलमध्ये हिंगाची रोपं लावली, ती बातमी त्यांनी कापून फ्रिजवर चिकटवली होती. हिंग देशात आला तर उद्या मुळशीतही येईल, असा त्यांचा हिशेब. लाहौलला मायनस तापमान असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

एकट्यानं स्थानिक खाणं म्हणजे नुसता हट्ट, दहा जणांनी खाल्लं की त्याला चळवळ म्हणतात. म्हणून त्यांनी आमच्या दाराच्या घंट्या वाजवायला सुरुवात केली. 2016 साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकरी आपला माल थेट शहरात विकू शकतो, मग आपण त्याला आपल्या गेटात का आणू नये, हे ते दारात उभं राहून सांगत. मुद्दा बिनतोड होता, फक्त तो दुपारी अडीच वाजता ऐकावा लागे. तीसेक घरांनी नावं दिली, काहींनी पटलं म्हणून आणि बाकीच्यांनी दार लावता यावं म्हणून.

मग शेत तपासायचं ठरलं. सेंद्रिय शेतीत पीजीएस नावाची एक पद्धत आहे. बाहेरची महागडी कंपनी प्रमाणपत्र देत नाही. शेजारचे निदान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं पाहतात, एकमेकांची हमी घेतात आणि त्या पाहणीला गिऱ्हाइकालाही जाता येतं. खोटेपणा केला तर गावातच तोंड दाखवायची पंचाईत, हा त्यातला खरा धाक. मला ही कल्पना फार आवडते. सोसायटीच्या कारभारात ती आणता येईल का, असंही मनात येऊन जातं. तर आम्ही काही जण भाऊंच्या शिवारात गेलो. बांधाला पिंप होतं, पिंपात जीवामृत. भाऊ काठीनं ढवळत सांगत होते: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वास येत होता. आम्ही रुमाल काढले. पंचक्रोशीकर वाकले, पिंपात डोकं घातलं, समाधानानं वर आले आणि विचारलं,

"बेसन कुठलं?"

भाऊंनी काठी थांबवली. "दुकानातलं."

"म्हणजे हरभरा कुठला?"

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. हा माणूस तुमच्यासोबतच आलाय ना, अशी ती नजर होती. गटातले दुसरे शेतकरी तोंड फिरवून वांगी न्याहाळू लागले. शेवटी भाऊंनीच वाट काढली. "काका, गाईला हद्द न्हाय. ती कुठला बी पाला खाती. शेण हितलंच पडतं." हे तत्त्व पंचक्रोशीकरांनी वहीत उतरवून घेतलं. पुढे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला जाऊन, ज्यांना पद्मश्री मिळाली त्या राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक ते बघून आले, तेव्हा हेच तत्त्व कामी आलं. कोंभाळणं शंभराच्या बाहेर पडतं. पण बी आणलं तरी झाड इथलंच, वेल इथलाच. गच्चीतल्या ड्रममध्ये वाल लावला. आला आणि चांगला आला. त्याची उसळ मी खाल्ली आहे. तशी चव बाजारातल्या वालाला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पहिले काही आठवडे माल आणायला पंचक्रोशीकर स्वतः त्यांच्या मोठ्या डिझेल गाडीतून जात. डिकीत मेथी, मागच्या सीटवर दुधी, पट्टा लावून. बी विंगमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक डेपो मॅनेजर राहतात. आयुष्यभर त्यांनी लिटरमागे किती किलोमीटर गाडी पळाली एवढंच पाहिलं. त्यांनी एका संध्याकाळी बाकावर बसून कागद काढला. "येऊन-जाऊन एकशे वीस किलोमीटर. तुमची गाडी देते पंधरा. आठ लिटर झाले. माल किती आणलात?" चाळीस किलो. "म्हणजे किलोला दोनशे मिलिलिटर डिझेल. आता इंदूरचा बटाटा. सहाशे किलोमीटर, ट्रक देतो चार, दीडशे लिटर. माल दहा टन. किलोला पंधरा मिलिलिटर." त्यांनी कागद उलटा करून पंचक्रोशीकरांपुढे सरकवला. "तुमच्या मेथीपेक्षा इंदूरचा बटाटा जास्त स्थानिक आहे."

बाकावर शांतता पसरली. पंचक्रोशीकरांनी कागद उचलला, चष्मा वर केला, खाली केला, गुणाकार तपासला. गुणाकार बरोबर होता. 

खरं म्हणजे अन्नाच्या बाबतीत नुसतं अंतर हा तसा लहान मुद्दा. पिकवताना काय ओतलं, साठवताना किती थंड करावं लागलं, फेकलं किती, यांच्यापुढे वाहतुकीचा वाटा बहुधा मागे पडतो. अभ्यासक हे कधीपासून सांगत आहेत. पण किलोमीटर मोजता येतात, वहीत लिहिता येतात आणि दुसऱ्याला विचारता येतात, म्हणून पंचक्रोशीकरांच्या जातीच्या माणसांना ते प्रिय असतात. ज्याला मोजायचंच आहे त्याला मोजपट्टी लागते.

डेपो मॅनेजरांच्या त्या कागदातून मात्र एक चांगली गोष्ट निघाली. भाऊंच्या गटानं एक छोटा हत्ती ठरवला. गुरुवारी रात्रीपर्यंत घरोघरची यादी जाते, शुक्रवारी संध्याकाळी तोडणी, शनिवारी सकाळी सातला टेम्पो गेटात. तिसाची साठ घरं झाली, शेजारच्या दोन सोसायट्या जोडल्या गेल्या आणि किलोमागचं डिझेल कुठल्या कुठे उतरलं. वेळापत्रक डेपो मॅनेजर बघतात. हिशेब काकू बघतात. पंचक्रोशीकर टेम्पोशेजारी उभे राहून प्रत्येक भाजीचं गाव जाहीर करतात. कोणी नेमलेलं नाही, पण ते नसले तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

या व्यवस्थेत एक कलम होतं, जे सही करताना आम्ही वाचलं नव्हतं: जे पिकेल ते खाऊ. श्रावणात दुधी पिकला. पहिल्या शनिवारी प्रत्येकी एक दुधी आला, आम्ही भाजी केली. पुढच्या शनिवारी दोन आले, कोफ्ते झाले. मग थालीपीठ झालं, रायतं झालं, हलवा झाला. हलव्याला खवा लागतो आणि तो कुठला, यावर पुन्हा चर्चा झाली. महिन्याअखेरीस लोक एकमेकांच्या दाराशी रात्री दुधी ठेवून पळू लागले. लिफ्टमध्ये एक बेवारस दुधी दोन दिवस वर-खाली करत होता. वॉचमननं तो घरी नेला आणि सोमवारी परत आणला. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी काय वेलाला सांगू, थांब म्हणून?" यावर उपाय काकूंनी काढला. गटातल्या पाच शेतकऱ्यांनी आपापसांत पेरणी वाटून घ्यायची, एकानं गवार, एकानं भेंडी, एकानं घोसाळी. शेतकऱ्यांच्या बायकांशी काकू फोनवर मालवणीत बोलल्या, त्या मावळीत बोलल्या, आणि पुढच्या हंगामात ताटाला रंग आला. पंचक्रोशीकरांनी ही सुधारणा फलकावर स्वतःच्या सहीनं जाहीर केली.

तरुण मंडळींनी या चळवळीकडे आधी ढुंकून पाहिलं नव्हतं. एकतीस डिसेंबरच्या आधी मात्र त्यांचं एक शिष्टमंडळ पंचक्रोशीकरांकडे गेलं. अत्यंत नम्रपणे. स्थानिक अन्नाबरोबर स्थानिक पेयालाही चळवळीचा पाठिंबा आहे का? "अर्थात," पंचक्रोशीकर म्हणाले. "ताक, आंबील, उसाचा रस." पोरांनी नकाशा काढला. नारायणगाव सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर आहे. जुन्नर तालुक्यात द्राक्षं पिकतात. शिवाय 1980 च्या दशकात नारायणगावातच फसफसणारी वाइन तयार होऊन परदेशी गेली होती. तेव्हा काका, शेतकऱ्याच्या मालाला उठाव मिळावा म्हणून गच्चीवर... पंचक्रोशीकर बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. नियम त्यांचाच होता. शेवटी ते म्हणाले, बूच कुठलं असतं? बुचाचं झाड पोर्तुगालात. पोरं नकाशा गुंडाळून निघाली. त्या रात्री गच्चीवर आंबील होती, अधिकृतरीत्या.

भावाच्या बाबतीत मात्र या माणसासारखा दुसरा नाही. आमची निम्मी सोसायटी भाऊंकडूनही कोथिंबिरीची काडी वर मागून घेते. हे घेत नाहीत. गाव पटलं की भाऊ सांगतील तो आकडा. एका वर्षी अवकाळीनं टोमॅटो झोपला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊन आले आणि घरी काकूंना सांगायला विसरले. भाऊंनी ते फोनवर काकूंना सांगितलं. त्या आठवड्यात पंचक्रोशीकर फार कमी बोलत होते.

आणि मग शेवळं आली.

पहिल्या पावसानंतर रानात जमिनीतून जांभळट कोंब निघतात, ती शेवळं. सुरणाच्या कुळातली. कोकणपट्टीत, ठाण्याकडे लोक वर्षभर त्यांची वाट पाहतात. आता कृषी खातंही ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव भरवतं. पण शेवळं तोवर थांबत नाहीत, ती जूनमध्येच होतात. आमची विशेष सर्वसाधारण सभा जूनच्या एका रविवारी होती. विषय एकच, दुसऱ्या गाडीला जादा पार्किंग शुल्क. हा विषय आम्ही कैक वर्षं आणतो आणि दर वेळी आरडाओरड्यात तो बुडतो. सभेआधीचा नाश्ता आपल्याकडून, अशी घोषणा पंचक्रोशीकरांनी केली. बेत होता नाचणीची भाकरी आणि शेवळाची भाजी. शेवळं त्यांनी लोणावळ्याच्या बाजारात स्वतः जाऊन आणली. विकणाऱ्या बाईनं वाट्याबरोबर मूठभर हिरवी आंबट फळं पुढे केली. "काकडं घ्या संगं, न्हाय तर खाजंल." पंचक्रोशीकरांना वाटलं, ही एकावर एक खपवते आहे. यादीत काकडं नव्हती. काकू त्या दिवशी मुलीकडे गेल्या होत्या. आचारी लातूरकडचा, त्यानं शेवळं जन्मात पाहिली नव्हती.

शेवळात चुन्याच्या क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. काकडाच्या नाहीतर चिंचेच्या आंबटात भाजी रटरटेपर्यंत शिजवायची असते, नाहीतर ते घशाला भिडतात. हे मला नंतर वनस्पतिशास्त्रवाल्या मुलीनं समजावलं. मला त्या दिवशी संकष्टी होती, मी वरीच्या तांदळाचा भात खाऊन आलो होतो.

साडेदहाला सभा सुरू झाली. मी विषय वाचला. दर वेळी पहिल्या ओळीला उठणारे ए विंगचे गृहस्थ उठले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. मागून कोणी तरी खाकरलं, मग सगळी रांग खाकरली. कोणी गळा चोळत होतं, कोणी जिभेवर नॅपकिन दाबत होतं. अध्यक्षांनी खुणेनंच मला पुढे चल म्हटलं. मी ठराव मांडला. कोणाचा विरोध आहे का, असं तीनदा विचारलं. कोणी बोललं नाही. बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत, म्हटल्यावर झाडून सगळ्यांचे हात वर झाले. ते पाठिंब्यासाठी झाले की पाण्यासाठी, हे इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला.

तेवढ्यात काकू आल्या. एक नजर टाकून वर गेल्या आणि मोठी बरणी घेऊन खाली आल्या. आमसुलं. फडताळाच्या तळाशी, पंचक्रोशीकरांच्या खडूच्या आवाक्याबाहेर लपवून ठेवलेली. एकेक जणाच्या हातावर आमसूल पडत गेलं आणि सभागृहाला वाचा फुटू लागली. पंचक्रोशीकरांनी आपलं आमसूल हातात धरलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी काही तरी विचारायला ओठ हलले. "गिळा आधी," काकू म्हणाल्या.

नव्या ठरावाचं पहिलं बिल पंचक्रोशीकरांनाच गेलं. मोठी डिझेल गाडी ही त्यांची दुसरी गाडी होती. ती सार्वजनिक भाजीसेवेसाठी आहे, सबब शुल्क माफ व्हावं, असा त्यांनी अर्ज केला. कमिटीवर आलेल्या डेपो मॅनेजरांनी मागच्या बाजूला पुन्हा लिटर-किलोमीटरचा हिशेब करून अर्ज परत पाठवला. गाडी विकली गेली. हल्ली पंचक्रोशीकर शुक्रवारीच एसटीनं वेल्ह्याला जातात, भाऊंकडे मुक्काम करतात आणि शनिवारी छोट्या हत्तीत ड्रायव्हरशेजारी बसून येतात. तिकडे सकाळी भाऊंची आई त्यांना साधा दुधाचा चहा देते आणि तो ते पितात, असं ड्रायव्हर सांगतो. मी हे काकूंपर्यंत जाऊ दिलेलं नाही.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी टेम्पो आला तेव्हा पंचक्रोशीकर उतरायच्या आधीच ओरडत होते, "आज खास! खास भोरचा!" मागचं फळकूट पडलं. क्रेटमध्ये मातीनं माखलेले मोठमोठे सुरण होते. रांगेतल्या पहिल्या तिघांनी आधी सुरणाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि पिशव्या तिथेच ठेवून ते काकूंच्या दाराकडे निघाले, आमसुलं किती शिल्लक आहेत ते विचारायला.